आकाश हाच दिवा : तैलरंगात संधिप्रकाश कसा रंगवावा

संधिप्रकाशाचं पहिलं चित्र बहुतेकांचं एकाच तऱ्हेनं फसतं. वर भडक नारिंगी आकाश, खाली ट्यूबमधून थेट पिळलेल्या काळ्या रंगाची झाडं, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझंही असंच फसलं होतं. तळ्याकाठी ईझल लावून, उजेड असेपर्यंत हात चालवायचा, या जिद्दीनं मी रंगवत बसलो. अंधारत गेलं तसा पॅलेटवरचा तांबडा मला विझल्यासारखा वाटायला लागला, म्हणून मी तो आणखी आणखी घालत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर झाडांमागे वणवा पेटलेला!

यात माझ्या डोळ्यांत काही बिघाड नव्हता, सगळ्यांचेच डोळे असे वागतात. कमी उजेडात डोळा तांबडे-नारिंगी रंग लवकर सोडून देतो आणि निळे-हिरवट रंग जास्त वेळ धरून ठेवतो. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १९व्या शतकात हे टिपलं, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. आपल्यापुरता त्याचा अर्थ सरळ आहे. कातरवेळी बाहेर बसून फक्त टिपणं घ्यायची. रंगवायचं ते घरात, एकसारख्या पांढऱ्या उजेडात, आणि तो उजेड पॅलेटवर आणि कॅनव्हासवर सारखाच पडला पाहिजे.

कुठलं मिनिट रंगवायचं?

‘संध्याकाळ’ रंगवता येत नाही, तिच्यातलं एखादं मिनिट रंगवता येतं. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा काळ म्हणजे नागरी संधिप्रकाश. विषुववृत्ताजवळ तो वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, ध्रुवांकडे सरकावं तसा लांबत जातो. या काळाच्या सुरुवातीला क्षितिजावर पिवळा-नारिंगी पट्टा ठळक असतो आणि जमिनीवरचे रंग अजून ओळखू येतात. शेवटी शेवटी पट्टा अरुंद आणि तांबूस होतो, माथ्यावरचा निळा खोल होतो आणि झाडं एकमेकांत मिसळतात. मला यातलं मधलं, थोडं उत्तरार्धाकडे झुकलेलं मिनिट आवडतं. तुम्हाला दुसरं आवडेल, पण एकच निवडा. सुरुवातीचं आकाश आणि शेवटची जमीन एकत्र आणली की चित्र खोटं दिसतं, आणि का खोटं दिसतंय ते लवकर सापडतही नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्या वेळात कायम असते, आणि अख्खं चित्र तिच्यावर उभं राहतं. सूर्य गेलेला असतो. आता आकाश हाच दिवा. तोही एका बाजूला ठेवलेला नव्हे, तर डोक्यावर पालथा घातलेल्या निळ्या घुमटासारखा. क्षितिजाचा उबदार पट्टा डोळ्यात भरतो खरा, पण जमिनीवर उतरणारा उजेड मुख्यतः त्या घुमटाचा असतो. म्हणून रस्ता, गवत, छपरं, म्हणजे वर तोंड करून असलेली प्रत्येक सपाटी निळसर उजळते, आणि उभ्या गोष्टी अंधारात राहतात. ठळक पडसावल्या नसतातच. संधिप्रकाशाच्या चित्रात झाडाची लांब काळी सावली दिसली की चित्रकारानं दुपारचा फोटो गडद करून वापरला, असं खुशाल समजावं.

(त्या खोल निळ्याचं श्रेय बरंचसं ओझोनला जातं. सूर्यकिरण वातावरणातून तिरपे, लांबचा प्रवास करून येतात आणि वाटेत ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषतो. हे १९५३ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्ट यांनी दाखवून दिलं. म्हणून तो निळा दुपारच्या निळ्यासारखा नसतो.)

निवडलेल्या वेळी पाठ फिरवून पूर्वेकडेही बघा. आकाश स्वच्छ असेल तर क्षितिजालगत राखी-निळा पट्टा आणि त्यावर फिकट गुलाबी पट्टा दिसतो. खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. सगळे पश्चिमेकडे तोंड करून बसतात, म्हणून हे दृश्य फार कमी रंगवलं जातं. सौम्य रंगांची आवड असेल तर सुरुवात तिथूनच करा.

बाहेरची पंधरा मिनिटं

सोबत पेन्सिल, जाड कागद आणि जमल्यास दहा-बारा पेस्टल खडू. १८८३ मध्ये क्राकातोआ ज्वालामुखीचा स्फोट झाल्यावर जगभर विलक्षण रंगांच्या संध्याकाळी दिसल्या. तेव्हा लंडनमध्ये विल्यम ॲस्क्रॉफ्ट या चित्रकारानं पेस्टलमध्ये पाचशेहून अधिक आकाशं भराभर टिपली. खडूला ना सुकण्याची भानगड, ना मिश्रणाची. आकाश बदलण्याआधी हात मोकळा होतो.

आधी काडेपेटीएवढी चौकट काढा आणि त्यात दृश्य फक्त पाच छटांमध्ये मांडा. १ म्हणजे सर्वांत उजळ, ५ म्हणजे सर्वांत गडद. डोळे किलकिले करून पाहिलं की तपशील गळून पडतात आणि हे आकडे आपोआप दिसायला लागतात. मग शेजारी शब्दांत लिहा : पाणी आकाशापेक्षा अर्धी पायरी गडद, लांबची टेकडी वरच्या आकाशाच्याच रंगाची, फक्त जड, रस्ता गवतापेक्षा उजळ. रंगांची नावं लिहू नका, तुलना लिहा. ‘जांभळा’ या शब्दाला दुसऱ्या दिवशी काही अर्थ उरत नाही. ‘आकाशापेक्षा जांभळा, पण टेकडीपेक्षा कमी’ याला उरतो.

फोटो काढा, पण त्याच्यावर विसंबू नका. कॅमेरा एक तर आकाश सांभाळतो किंवा जमीन. म्हणून दोन फोटो घ्या, एक आकाशाचा उजेड मोजून आणि एक जमिनीचा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग सुधारणारी सेटिंग) ऑटोवर न ठेवता डेलाइटवर ठेवा, नाहीतर कॅमेरा शहाणपणा करून नेमका तो निळेपणा पुसून टाकतो. १९व्या शतकातला चित्रकार व्हिसलर नदीवरची रात्रीची दृश्यं स्मरणातून स्टुडिओत रंगवत असे. त्याच्याइतकी नजर नसली तरी घरी येताना वाटेत पाच छटा मनातल्या मनात घोकून पाहाव्यात. जे आठवत नाही ते चित्रातही नसलं तरी चालतं.

सामान

पहिल्या प्रयत्नाला १२ × १६ इंचांचा प्रायमर लावलेला कॅनव्हास किंवा बोर्ड पुरे. रंग मोजकेच : टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो लाइट, यलो ऑकर, कॅडमियम ऑरेंज, अलिझरिन क्रिमझन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन. काळा नको. तो वाईट आहे म्हणून नव्हे, तर हाताशी असला की आपण आळशी होतो म्हणून.

अलिझरिनबद्दल एक सूचना. जुन्या पद्धतीचा अलिझरिन उजेडात उडतो, त्यातही पांढऱ्यात पातळ केला की लवकर. आपल्याला तो नेमका तसाच, फिक्या गुलाबीसाठी वापरायचा आहे. म्हणून ट्यूबवर ‘पर्मनंट’ लिहिलेला, क्विनॅक्रिडोन या टिकाऊ रंगद्रव्याचा घ्या. झिंक व्हाइट खालच्या थरात टाळा, कारण तेलात तो वर्षांनुवर्षांनी ठिसूळ होतो.

ब्रश : केसाळ डुकरी ब्रश तीन-चार, त्यातले दोन गोल टोकाचे चपटे; एक रुंद मऊ ब्रश, तो कायम कोरडा ठेवायचा; एक लांब केसांचा बारीक ब्रश. शिवाय पॅलेट नाइफ, टर्पेंटाइन किंवा बिनवासाचं मिनरल स्पिरिट, जवसाचं तेल आणि जुन्या सुती चिंध्या. खिडकी उघडी ठेवा. तेलानं भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि असा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

कॅनव्हासचा तळ तयार करणं आणि आराखडा

पांढऱ्या कॅनव्हासवर संधिप्रकाश सुरू करू नका. पांढऱ्याशेजारी कुठलाही रंग गडद वाटतो आणि तुमचं पूर्ण आकाश एक पायरी जास्त उजळ होऊन बसतं. बर्न्ट सिएनात चिमूटभर अल्ट्रामरीन घालून स्पिरिटनं चहासारखं पातळ करा, सगळीकडे फासा आणि चिंधीनं पुसून घ्या. मध्यम उजेडाचा उबदार तांबूस तळ उरला पाहिजे. पुढे निळ्या फटकाऱ्यांच्या फटींतून तो डोकावतो आणि आकाशाला न सांगता ऊब देतो. एक दिवस वाळू द्या.

क्षितिज मधोमध नको. आकाश बोलणार असेल तर खालच्या तिसऱ्या भागात, पाणी बोलणार असेल तर वर. बर्न्ट अंबर पातळ करून मोठे आकार मांडा : आकाश, लांबची टेकडी, झाडांची रांग, पाणी, जवळचा काठ. पाच आकार पुष्कळ झाले. त्याच अंबरनं गडद भाग भरा आणि उजळ भाग चिंधीनं पुसून काढा. आता मागे जाऊन पाहा. या तपकिरी अवस्थेत जर संध्याकाळ झालेली वाटत नसेल, तर पुढे कितीही रंग ओतले तरी ती होणार नाही. मी अजूनही इथे तासभर घालवतो.

आकाश

इथे घाई करायची नाही. ब्रशला हात लावण्याआधी पॅलेट नाइफनं पाच ढीग घोटून ठेवायचे.

पहिला ढीग क्षितिजाचा : पांढरा, कॅडमियम यलो, अगदी थोडा ऑरेंज. दुसरा त्याच्यावरचा : पांढरा, यलो ऑकर आणि सुईच्या टोकावर मावेल एवढा अलिझरिन. तिसरा ढीग सर्वांत महत्त्वाचा, तो नंतर. चौथा कोबाल्ट आणि पांढरा. पाचवा माथ्याचा : अल्ट्रामरीन, कोबाल्ट, थोडा पांढरा आणि मस्ती उतरवायला चिमूटभर बर्न्ट सिएना.

अडचण मधे आहे. खालचा पिवळा आणि वरचा निळा भेटले की हिरवा होतो. खऱ्या आकाशातही तिथे किंचित हिरवट झाक असते, पण ती श्वासाएवढी. रंगातला हिरवा मात्र भिंतीला मारल्यासारखा येतो. त्यावर उपाय म्हणजे तिसरा ढीग. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून राखाडी करा, भरपूर पांढऱ्यानं उजळ करा आणि त्यात दुसऱ्या ढिगातलं थोडं कालवा. मोत्याच्या आतल्या बाजूसारखा, ना पिवळा ना निळा, असा रंग हवा. पॅलेटवर तो मळका दिसतो. ‘हा कुठे आकाशात लावायचा’ असं वाटतं. लावा. पिवळ्याशेजारी तो निळसर दिसतो, निळ्याशेजारी गुलाबी, आणि दोघांचं भांडण मिटतं.

आता प्रत्येक ढिगातलं थोडंसं शेजारच्या ढिगात मिसळा. मग पॅलेटचा फोटो काढून मोबाइलवर कृष्णधवल करा. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत ढीग पायरीपायरीनं गडद होत गेले पाहिजेत. एखादा ओळीबाहेर उजळ निघाला तर आत्ताच दुरुस्त करा. कॅनव्हासवर गेल्यावर तोच पट्टा बनून छळतो. आणि पहिला ढीग पांढऱ्याच्या जवळ गेलेला नको. पांढरा जास्त झाला की उजेड वाढत नाही, रंग खडूसारखा होतो. क्षितिज उजळतं ते आजूबाजूच्या गडदपणामुळे.

लावताना क्षितिजाकडून वर जा आणि दर ढिगाला ब्रश वेगळा घ्या. निळा ब्रश पिवळ्यात गेला की संपलं. फटकारे छोटे आणि आडवेतिडवे मारा, शेजारच्या पट्ट्यात थोडे घुसवा. शेवटी रुंद मऊ ब्रश कोरडाच, नुसत्या त्याच्या वजनानं, सांध्यावरून आडवा फिरवा. दर हेलपाट्याला चिंधीवर पुसा. चार-पाच फेऱ्यांत थांबा. फार घोटलेलं आकाश फुग्यासारखं गुळगुळीत होतं. त्यातली हवा जाते. फटकारे अर्धवट दिसू देत.

ढग असतील तर ओल्या आकाशातच घाला. सूर्य खाली असल्यानं ढग खालच्या कडेनं उजळतात आणि पोटात राखी-जांभळे राहतात. दुपारच्या ढगाच्या अगदी उलट.

जमीन आणि पाणी

गडद रंग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरमधून काढा. दुसरा गडद व्हिरिडियन आणि अलिझरिनमधून. पहिला निळ्याकडे किंवा तपकिरीकडे झुकवता येतो, दुसरा हिरव्याकडे किंवा वांगी रंगाकडे. काळ्या ट्यूबमध्ये ही सोय नाही.

लांबच्या टेकडीसाठी नवीन मिश्रण करूच नका. आकाशाच्या पाचव्या ढिगातच थोडा गडद घाला. ती आकाशाची नातेवाईक दिसली पाहिजे. तिथून पुढे येताना दर टप्प्याला गडद वाढवा आणि निळा कमी करा. सर्वांत जवळच्या काठात बर्न्ट सिएनाची किंचित ऊब. आणि अगदी काळोख फक्त एकाच जागी, तळहाताएवढ्याही नव्हे.

झाडांची कड हा दुसरा परीक्षेचा भाग. आकाश ओलं असतानाच झाडांचा गडद आकार लावा आणि स्वच्छ ब्रशनं कड आकाशात हलकेच ओढा. शेंड्याकडे रंग पातळ आणि थोडा तांबूस ठेवा, कारण उजळ आकाशापुढच्या बारीक फांद्यांना उजेड खाऊन टाकतो. त्या बुंध्याइतक्या गडद कधीच दिसत नाहीत. पानांमधल्या आकाशाच्या फटी आकाशापेक्षा एक पायरी गडद रंगवा. मूळ आकाशाचाच रंग तिथे भरला तर झाडावर चुन्याचे ठिपके पडल्यासारखं होतं. एक-दोन कडा धारदार ठेवा, बाकीच्या हरवू द्या. सगळ्या धारदार असतील तर कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं होतं, आणि सगळ्या हरवल्या तर चष्मा विसरल्यासारखं.

पाण्याचा ठोकताळा असा : उजळ गोष्टीचं प्रतिबिंब किंचित गडद, गडद गोष्टीचं किंचित उजळ. रंग उभ्या फटकाऱ्यांनी खाली ओढा, मग मऊ ब्रशनं एकदाच आडवं पुसा. आडवी चमकती रेघ काठाशी, फार तर दोन.

थांबणं, आणि मग वरचे थर

तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पातळ थरालाही काही दिवस ते दोन आठवडे लागतात. अंबर लवकर सुकतो, अलिझरिन आणि कॅडमियम रेंगाळतात. कोपऱ्यात बोट टेकवून पाहा. वरचा थर खालच्यापेक्षा नेहमी जास्त तेलकट हवा, उलटं केलं तर पुढे तडे जातात. म्हणून सुरुवातीला स्पिरिट, आता तेल.

वातावरण म्हणतात ते इथे येतं, आणि दोन विरुद्ध युक्त्यांनी येतं. ग्लेझ म्हणजे उजळ थरावर पारदर्शक गडद रंगाचा पातळ पदर. अल्ट्रामरीनमध्ये थोडा अलिझरिन, तेल आणि स्पिरिट सारखं घेऊन, खालच्या काठावर फिरवा आणि चिंधीनं बराचसा टिपून घ्या. गवत, दगड, वाट, सगळी एकाच अंधारात बुडतात, पण खालचं काम आतून दिसत राहतं.

स्कम्बल याच्या उलट : गडद थरावर अपारदर्शक उजळ रंग, जवळजवळ कोरड्या ब्रशनं, अगदी विरळ घासायचा. झाडांच्या पायथ्याशी धुकं हवं असेल तर पांढरा, कोबाल्ट आणि कणभर ऑकर घ्या, ब्रश चिंधीवर पुसा, उरलेल्या रंगानं घासा. गंमत अशी, की गडदावर घासलेला पातळ पांढरा आपोआप निळसर दिसतो. काळोख्या भिंतीपुढे धूर निळा दिसतो, त्यातलाच हा प्रकार : बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात. म्हणजे धुक्याचा रंग रंगवावा लागत नाही, तो घडतो.

खिडकीतला दिवा घालायचा मोह सगळ्यांना होतो. घाला, पण एकच. आधी कॅडमियम ऑरेंजचा पातळ, पुसट डाग, खिडकीपेक्षा मोठा. तो वाळल्यावर मधे यलो आणि पांढऱ्याचा टाचणीच्या डोक्याएवढा जाड ठिपका. चित्रातला सर्वांत शुद्ध रंग हाच असू दे, मग क्षितिजाला ओरडावं लागत नाही.

चंद्राबाबत थोडी गणितं आहेत. आकाशात त्याचा व्यास जेमतेम अर्धा अंश. १६ इंच रुंदीत साधारण ५० अंशांचं दृश्य बसवलं तर चंद्र ४ मिलिमीटरचा होतो, रुपयाएवढा नव्हे. चंद्रकोरीची उजळ बाजू बुडालेल्या सूर्याकडे असते, म्हणजे पट्ट्याच्या दिशेनं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या समोरच्या बाजूला उगवतो, तेव्हा तो आणि पश्चिमेचा लाल पट्टा एका चित्रात येऊच शकत नाहीत. आणि कोरीच्या पोटात चांदणी ठेवू नका. तिथे चंद्रच आहे, फक्त अंधारातला.

सुकल्यावर गडद भाग निस्तेज आणि पांढुरके वाटतील. तेल खालच्या थरात मुरल्यामुळे असं होतं, रंग बदललेला नसतो. त्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून लगेच पुसून घ्या. काळोख पुन्हा खोल होतो, आणि मगच ठरवा अजून काही गडद करायचं आहे का. हे न करता गडद चढवत गेलेली कितीतरी चित्रं माझ्याकडे आहेत, दिवाभीतासारखी.

सही करण्याआधी चित्र भिंतीला टेकवा आणि संध्याकाळी खोलीतला दिवा लावू नका. उजेड ओसरेल तसा आधी नारिंगी विझेल, मग गुलाबी, निळे सर्वांत शेवटी. नारिंगी विझल्यावरही झाडं, पाणी आणि आकाश वेगवेगळे ओळखू येत असतील तर छटा बरोबर आहेत. सगळं एकच डाग झालं तर चित्र नुसत्या रंगावर उभं होतं. झाडांची रांग पुन्हा मांडायला घ्या.

व्हार्निश सहा महिने ते वर्षभरानंतर. तोवर चित्र उजेडात, पण उन्हात नाही, असं ठेवा. अंधाऱ्या कपाटात बंद केलेला तैलरंग पिवळट होतो, आणि आपलं पांढऱ्यातलं आकाश त्याला आधी बळी पडतं.